भोयरजी आणि पाण्याचा डाग

नागपूरच्या महाल भागातल्या एका लग्नात पंगतीला पाण्याचा जग आला, तशी माझ्या शेजारी बसलेल्या भोयरजींनी शर्टाच्या खिशातून काचेची पट्टी काढली. तिच्यावर त्या पाण्याचा एक थेंब टाकला आणि पट्टी ताटाशेजारी वाळत ठेवली.

वाढपी घाबरला. “काका, काय झालं?”

“सुकू दे गा, मंग बोलू.”

थेंब सुकल्यावर त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली. काचेवर क्षारांचं पांढरं कडं उमटलं होतं. “बोरवेलचं आहे,” त्यांनी निकाल दिला आणि उरलेलं जेवण मठ्ठ्यावर काढलं. वधूचे वडील बिचारे तीनदा येऊन विचारून गेले, जेवणात काही कमी आहे का म्हणून.

किसनाजी भोयर आमच्या संशोधन संस्थेत प्रयोगशाळा परिचर होते. काचेच्या भट्टीत पाणी उकळायचं, वाफ थंड करायची आणि थेंबाथेंबानं गोळा झालेलं शुद्ध पाणी आम्हा शास्त्रज्ञांना पुरवायचं, हे त्यांचं काम. भट्टीशी ते बोलत असत. “काहून वं, आज रुसली का?” असं आतून ऐकू आलं की नव्या मुलांना वाटे, काकांच्या घरचा फोन आहे. घरी फोन करायला कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाच्यासाठी आलेलं स्थळ असो की नवे संचालक, कशाबद्दलही मत विचारा, उत्तर एकच: “सुकू द्या जी, मंग बोलू.”

आता माझ्याबद्दल. मी विभागप्रमुख, आणि पाणी शुद्ध करणारं नवं यंत्र घ्यायच्या समितीचा अध्यक्ष. मोठेपणा मिरवायला नाही सांगत, पुढे तोंडावर कसा आपटलो ते नीट कळावं म्हणून सांगतोय.

तीन कंपन्या आल्या. दोघांच्या माहितीपत्रकात नुसते आकडे. तिसऱ्याच्या यंत्राला हा एवढा रंगीत पडदा, आणि बटण दाबलं की ते चक्क आपलं स्वागत करी. मी तिथेच विरघळलो. कंपनीनं एकच अट घातली होती. ज्या नळाला यंत्र जोडणार त्याचं पाणी बाटलीत भरून पाठवा, त्यावरून आतल्या गाळण्या ठरतील.

मे महिना. नागपूरचा मे! प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, आणि माझ्या खोलीच्या दारातच पिण्याच्या पाण्याचा कूलर. पाणी इथलं काय नि तिथलं काय, म्हणत मी बाटली कूलरवरून भरली आणि वर चिठ्ठी चिकटवली, ‘प्रयोगशाळेचा नळ’. कूलरचं पाणी आधीच गाळलेलं, आणि उन्हाळ्यात वरच्या टाकीत बोरचं पाणी चढतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आलं असतं तरी त्या उन्हात मी जिना चढलो असतो का, देव जाणे.

शेवटच्या बैठकीत भोयरजी दारात उभे राहिले. हातात काचेची पट्टी. “सर, वरच्या नळाचं हे पाहून घ्या जी. रांगोळी उमटून राहिली नुसती. या पान्यात मशीन टिकन का?”

समोर कंपनीचा टाय लावलेला माणूस, शेजारी समितीचे चौघे. मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. म्हणालो, “भोयरजी, हे विज्ञान आहे, झाडफूक नाही. तुम्ही चहाचं बघा.” सगळे हसले. भोयरजीही हसले, पट्टी खिशात घातली आणि चहा सांगायला गेले. ते हसणं आठवलं की आजही मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

यंत्र आलं, नारळ फुटला, भट्टी अडगळीत गेली. महिन्याच्या आत यंत्र धोक्याच्या इशाऱ्यानं किणकिणायला लागलं आणि पल्लवीच्या पेशी मेल्या. पल्लवी माझी विद्यार्थिनी. पीएच.डी.ची वाढीव मुदतही संपत आलेली, आणि पेशी वाढवायला पाणी अगदी निर्मळ लागतं. पोरगी ओक्साबोक्शी रडली. कोणावर तरी ढकलायला हवंच होतं. भोयरजींना यंत्राची नळी काढून बघताना मी पाहिलं होतं. दिला मेमो ठोकून: ‘यंत्रात विनापरवाना ढवळाढवळ’. त्यांनी मुकाट्यानं सही केली.

आणि चमत्कार! पल्लवीच्या पेशी जगायला लागल्या. ज्याला त्याला मी सांगत सुटलो, “बघा, भोयरजींनी हात लावणं बंद केलं आणि मशीन सुधारलं.” त्यांच्या निरोप समारंभातही मी हा विनोद केला. टाळ्या पडल्या. तो मेमो नोकरीच्या कागदांत घेऊन भोयरजी निवृत्त झाले.

दहाव्या दिवशी पेशी पुन्हा माना टाकू लागल्या. पल्लवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “सर, ते मशीनचं पाणी नव्हतंच. काका रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन अडगळीत भट्टी लावायचे. माझ्या बाटल्या त्यांनीच भरल्या. किणकिणही त्यांनीच बटण दाबून बंद ठेवली होती. सरांना सांगू नको म्हणाले. जाताना भरून ठेवलेलं पाणी काल संपलं. आता भट्टी मला जमत नाही हो.”

मी स्कूटर काढून सक्करदऱ्याला भोयरजींच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं! मी गेलो होतो भट्टी कशी लावतात ते विचारायला.

सकाळचे अकरा वाजले होते. भोयरजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मांडीवर रिकामा डबा. मला पाहून ते धडपडत उठले. “असाच तयार होऊन बसतो जी रोज. सवय आहे. घरी करमत नाही.”

मी कसंबसं विचारलं, “भोयरजी, मशीनमध्ये नेमकं चुकलं काय?”

ते जमिनीकडे पाहू लागले. “तुम्ही बाटली कूलरवरून भरली नं जी. मी पाह्यलं होतं.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मग तेव्हाच का नाही बोललात?”

“चार लोकाईसमोर कसं सांगू? तुमची इज्जत गेली असती.”

ते दाराला कुलूप घालून स्कूटरवर माझ्या मागे येऊन बसले. “चला. पोरीच्या पेशी वाचवू आधी.”

सक्करदरा चौकात सिग्नल लागला. मी मान न वळवता पुटपुटलो, “भोयरजी, तो मेमो...”

“काय म्हणून राहिले जी? आयकू नाही येत.”

चारी बाजूंनी गाड्या. मी हेल्मेट काढलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, “चूक माझी होती! बाटली मी खोटी भरली! मेमो मी आज स्वतः परत घेतो!”

शेजारचा ऑटोवाला वाकून पाहू लागला. दोन बायका हसल्या. माझ्या खांद्यावर भोयरजींचा हात पडला.

“आलं जी आयकू,” ते म्हणाले. “हिरवा झाला. घ्या पुढं, पोरगी वाट पाहून राहिली असन.”