नकार नेमका कुणाचा?

धम्मदीपनं खोटं बोलायला नको होतं. पण तोंडात वरणफळाचा घास होता, आणि समोर बायको रडायच्या बेतात उभी होती.

झालं ते मामांमुळं. मामा किशनराव कुरुंद्याहून आले होते. जेवता जेवता ते सहज बोलून गेले, "सून लई गुणाची भेटली. बरं झालं, साखऱ्याच्या पोरीनं आपल्याला न्हाई म्हणलं ते!"

मामांनी हात धुतले, सुपारी तोंडात टाकली आणि एसटी पकडून ते गेलेसुद्धा. आकांक्षा हातात डाव घेऊन तशीच उभी.

"मंजे तिनं न्हाई म्हणलं, म्हणून तुमी मला व्हय म्हणलं?"

लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. धम्मदीप हिंगोली आगारात कंडक्टर होता. गाडीत दोन प्रवाशांची जुंपली की काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची, ही त्याची जुनी सवय. घास गिळून तो म्हणाला, "मामाचं उलटं झालं. नकार तिचा न्हाई, माजा होता. मला नव्हती पसंत."

आकांक्षाचा चेहरा खुलला. धम्मदीपला वाटलं, घंटी मारली, गाडी पुढं निघाली.

गाडी मात्र थेट साखऱ्याला पोचली. आकांक्षानं ही बातमी मोठ्या कौतुकानं शेजारच्या शिलाला सांगितली, आणि शिलाचं माहेर साखरा. त्या पोरीचं, म्हणजे शितलचं, लग्न नुकतंच वसमतला ठरलं होतं. कंडक्टरनं नाकारलेली पोरगी आपल्या गळ्यात पडतेय, असं व्याह्यांच्या कानावर गेलं, आणि पोरीत काय खोट आहे याची ते चौकशी करायला लागले.

रविवारी सकाळीच शितलचे वडील उत्तमराव पोरीला मोटरसायकलवर मागं बसवून दारात हजर.

"जय भीम," कपाळावरची आठी तशीच ठेवून ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. "मला येकच सांगा. नकार कुणाचा होता?"

धम्मदीपनं आईकडं पाहिलं. रुक्माबाईंनी वर पंख्याकडं पाहिलं. सैपाकघराच्या दारात आकांक्षा उभी होती, आणि उत्तमरावांच्या मागं शितल मान खाली घालून. तिचं ठरलेलं लग्न आपल्या एका वाक्यापायी मोडायला आलंय, हे धम्मदीपच्या ध्यानात आलं.

"तुमच्या पोरीचाच होता," तो म्हणाला. "मी घरात खोटं बोललो."

"हितं बोला." उत्तमरावांनी मोबाईल स्पीकरवर टाकून पुढं केला. पलीकडं वसमतचे व्याही होतेच.

"आँ? काय म्हणले? ऐकू येऊन न्हाई राहिलं!"

"मला नाकारलं होतं!" धम्मदीप ओरडला. "पोरीनं मला नाकारलं होतं!"

शिला ओट्यावर आली. समोरच्या घराची खिडकी उघडली. सैपाकघरात भांडं आदळलं.

"बरं," व्याही म्हणाले, "मंग नाकारलं काहून? पोरगी लई नखऱ्याची हाय काय?"

शितलनं मान वर केली. "चहा झाल्यावर यांनी समद्यांच्या कपबशा गोळा केल्या आन् आत आणून ठेवल्या. मला वाटलं, ह्यो मानूस सोयरिकीला आला का हाटेलात कामाला?"

"त्यात काय वाईट हाय?" आकांक्षा ताडकन बाहेर आली. "आमच्या घरीबी यांनी तेच केलतं! मी त्याच्यासाठीच तर व्हय म्हणलं! आदी जे आलते, त्यांनी सोताचा कपबी जागचा हालवला नव्हता!"

आपण नवऱ्याची बाजू घेतोय, हे आकांक्षाच्या उशिरा लक्षात आलं. ती त्याच्याकडं वळली. "पन तुमचं काय? तुमी काहून व्हय म्हणलं?"

साऱ्या गल्लीत शोभा झालेल्या माणसाला आता कशाचं भ्या?

"साखऱ्याहून आल्यावर मी ठरवलतं, आता पोरगी बघायला जायचंच न्हाई. आईनं ओढून नेलं तुमच्याकडं. चहा झाला, मी सवयीनं कपबशा घेऊन आत आलो, तर तू म्हणलीस, 'नुसत्या ठिवू नका, इसळून ठिवा.' मला वाटलं, हितं आपलं जमतंय."

रुक्माबाईंना हसू आवरेना. आकांक्षानं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हलतच होते. फोनमधून व्याहीही खो खो हसले. "झालं मंग! आमची काय बी तक्रार न्हाई. तारीख पक्की समजा."

उत्तमरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि फोन बंद करायला बोट नेलं.

"थांबा बाबा." शितल एवढा वेळ धम्मदीपकडं आणि आकांक्षाकडं आळीपाळीनं बघत होती. तिनं फोन हातात घेतला. "मामंजी, तुमचा पोरगा चहा पिल्यावर कप कुठं ठिवतो?"

पलीकडं खोकला आला. मग व्याही घरात कुणाला तरी हळूच विचारताना ऐकू आले. त्यावर एका बाईचा खणखणीत आवाज आला, "कुठं मंजे? खाटंखाली!"

"बरं," शितल म्हणाली. "इचार करून सांगते."

उत्तमरावांनी कपाळाला हात लावला. रुक्माबाईंनी न विचारताच त्यांच्या हातात चहा दिला. तो त्यांनी दोन घोटात संपवला, आणि मग रिकामा कप घेऊन ते बराच वेळ तसेच बसून राहिले. पोरगी बघत होती. कप कुठं ठेवावा, त्यांना कळेना.