ज्याने काढले, त्यानेच काढावे

बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर मेहुण्याने विचारलं, ‘‘कोणी काढलं हे?’’ आणि लॅबवाल्यांनी लिहिलं, ‘‘मी.’’ एवढ्या एका अक्षरावरून पुढचं सगळं महाभारत घडलं.

लॅबवाले म्हणजे रक्त तपासायच्या लॅबमध्ये नमुने घेणारे गृहस्थ. वीस वर्षांत लोकांचं रक्त सोडून त्यांनी दुसरं काही काढलं नव्हतं. हात मात्र इतका हलका, की सुई टोचून झाल्यावर पेशंट विचारायचे, ‘‘कधी टोचणार?’’ लॅबच्या मागच्या गल्लीत बर्फाच्या कारखान्याची भिंत होती. तिच्यावर कोणीतरी सुट्टीच्या दोन दिवसांत एक दुमजली आजी रंगवून ठेवली होती. खुर्चीत पेंगणारी, अंगावर निळी शाल, मांडीवर मांजर, आणि भिंतीवरून उतरणारा पाण्याचा पाइप म्हणजे तिची काठी! खाली सही नाही, काही नाही. लॅबवाले त्या आजीच्या प्रेमातच पडले. सकाळी ऊन तिच्या चष्म्यावर नेमकं तीन मिनिटं पडायचं, त्यासाठी ते अकरा दिवस पाऊण तास आधी कामावर आले. बाराव्या दिवशी भिंतीच्या कठड्यावर एक खरं मांजर आलं, वाकून खालच्या रंगीत मांजराकडे टक लावून बघू लागलं, आणि लॅबवाल्यांनी बटण दाबलं. तोच फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला होता.

आता आपल्या भाषेत फोटोही काढतात आणि चित्रही काढतात, त्याला लॅबवाले बिचारे काय करणार? पाच मिनिटांत सासऱ्यांचा फोन आला.

‘‘जावईबापू, एवढी कला अंगात, आणि आम्हाला अठरा वर्षांत पत्ता नाही! दोन मजले शिडीवर चढलात? घेरी नाही आली?’’

‘‘अहो, तसं नव्हे, मी फक्त...’’

‘‘वर विनय बघा केवढा!’’ सासरे फोन ठेवता ठेवता सासूबाईंना म्हणाले.

घरी गेल्या गेल्या खुलासा करायचा, असं त्यांनी पक्कं ठरवलं. पण बायको दारातच म्हणाली, ‘‘काय सुंदर काढलंय हो तुम्ही! दहा वेळा पाहिलं मी.’’ अठरा वर्षांच्या संसारात ‘सुंदर’ हा शब्द तिने फक्त पडद्यांच्या बाबतीत वापरला होता. लॅबवाल्यांचा खुलासा घशातच विरघळला. आज राहू दे, उद्या सांगू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

उद्यापर्यंत मेहुणा कामाला लागला होता. तो नगरपालिकेत कारकून. त्याने साहेबांपुढे मोबाईल धरला, ‘‘आमच्या दाजींनी काढलंय!’’ साहेबांनी भिंत ओळखली आणि परवानग्यांच्या रजिस्टरात दाजींचं नाव शोधलं. ते नव्हतं. चौथ्या दिवशी लॅबच्या पत्त्यावर नोटीस आली: ‘विनापरवाना चित्र ज्याने काढले, त्यानेच ते सात दिवसांत काढावे.’

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. ‘‘काढलेलं परत काढायचं? एवढ्या मोठ्या आजीची दुसरी प्रत कशाला हवी यांना?’’

‘‘पुसायचंय मॅडम,’’ लॅबवाले रडवेल्या आवाजात म्हणाले.

खरं सांगावं तर बायकोचं ‘सुंदर’ हातचं जाणार. न सांगावं तर आपल्याच हाताने आजीच्या तोंडाला चुना फासायचा. दोन दिवस त्यांना घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी तर आयुष्यात पहिल्यांदा एका पेशंटची शीर चुकली.

त्यानंतरच्या खुर्चीत एक मध्यमवयीन बाई येऊन बसल्या. लॅबवाल्यांनी दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली, आणि त्यांना बाईंच्या नखांत निळा रंग दिसला. आजीच्या शालीचा निळा. तो त्यांनी कुठेही ओळखला असता. सुई आत गेली तशा बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘मागच्या भिंतीवरचं चित्र तुम्ही काढलंत म्हणे?’’

सुई बाईंच्या हातात होती, पण टोचली लॅबवाल्यांना.

‘‘नाही हो! मी नुसता फोटो काढला. लोकांनी भलताच अर्थ घेतला, आणि मीही गप्प बसलो, चुकलंच माझं. पण पाइपाची काठी करायचं तुम्हाला सुचलं कसं? आणि तो चष्मा! अहो, ऊन पडलं की आजी डोळे उघडेल असं वाटतं. मी अकरा दिवस...’’

‘‘सांगा सगळं. फक्त आधी सुई काढा.’’

कापूस दाबून धरत बाईंनी फोटो बघायला मागितला आणि बराच वेळ पाहिला. ‘‘वरचं मांजर माझं नाही.’’

‘‘ते आपलं आपण आलं.’’

‘‘आलं असेल. पण वाट बघत कोण बसलं होतं? आजी माझी, हे मांजर तुमचं. तीस भिंती रंगवल्या मी. कुणी वर पोस्टरं चिकटवली, कुणी भिंतच पाडली. एकीचाही असा फोटो नाही माझ्याकडे. याची एक प्रत द्याल? खाली दोघांची नावं घालून?’’

लॅबवाल्यांचे डोळे भरून आले. त्यांनी नोटीस पुढे केली. ती वाचून बाई खदखदून हसल्या. ‘‘परवानगी कधीच घेतलीय मी, माझ्या नावावर. तुमच्या नावाने शोधली तर सापडेल कशी? जाते आणि दाखवते.’’

आजी वाचली. राहता राहिलं घर. संध्याकाळी बायको शर्टाला बटण लावत बसली होती. लॅबवाले तिच्यासमोर उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, ‘‘ते चित्र मी काढलेलं नाही. मी फक्त फोटो काढला.’’

‘‘मग? मी फोटोलाच सुंदर म्हटलं होतं,’’ बायकोने दोरा दातांनी तोडला. ‘‘मुलीच्या वहीत तुम्ही काढलेला हत्ती पाहिलाय मी. शाळेतल्या बाईंनी शेरा दिला होता, ‘किटली छान.’’’

लॅबवाले मटकन खुर्चीत बसले. त्यांना फार बरं वाटलं. मग त्यांनी घाईघाईने मोबाईल उघडला. ‘‘माहीत होतं तर माहेरी सांगायचंस की! थांब, आता मीच ग्रुपवर खुलासा टाकतो.’’

बायकोने मोबाईल त्यांच्या हातून काढून घेतला. ‘‘उद्या टाका. आज मोठी ताई येतेय, आणि अठरा वर्षं मी तिच्या नवऱ्याच्या गाण्याचं कौतुक ऐकतेय.’’