सोपानतात्या आणि पडलेला भाग दोन

सोपानतात्यांना काहीही विचारलं की ते आधी प्रश्न पुन्हा म्हणतात आणि मग उत्तर देतात. "तात्या, चहा घेणार?" असं विचारावं, तर ते दोन्ही हात मांडीवर ठेवतात, समोरच्या भिंतीवर नजर लावतात आणि म्हणतात, "सोपानतात्या, तुमी चहा घेनार का, असं मला इचारन्यात आलं. तर चहा आमी घेतो." मग थोडा वेळ गप्प बसतात. मग कपाला हात लावतात.

ही सवय त्यांना कॅमेऱ्याने लावली. माहितीपट करणारे प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज नंतर कापून टाकतात, त्यामुळे उत्तरातच प्रश्न यावा लागतो. बोलून झाल्यावर थोडं थांबायचं, म्हणजे कापायला जागा मिळते. शेळगावात शूटिंगला आलेल्या अक्षयने हे तात्यांना एकदा समजावून सांगितलं. शूटिंग आठवडाभरात संपलं. तात्यांचं अजून चालू आहे. इंदापूरच्या तहसील कचेरीत "नाव काय?" या प्रश्नाला त्यांनी याच पद्धतीने उत्तर दिलं, तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कारकुनानेही.

ती फिल्म म्हणजे 'एका बँडचा इतिहास'. 'अखिल नीरा-भीमा खोरे ब्रास बँड' या थोर बँडची ही कहाणी. गाजलेल्या वराती, बँडमधली फूट, मानापमान, पुन्हा एकत्र येणं, सगळं तीत आहे. फक्त बँड नाही. असा बँड कधी नव्हताच. अक्षय तेव्हा बारामतीत कॉलेजात होता. थोर कलावंतांवरचे गंभीर माहितीपट पाहून त्याला हसू यायचं, म्हणून त्याने गंभीर चेहऱ्याने त्यांची नक्कल केली आणि बँडमास्तर म्हणून सोपानतात्यांना बसवलं. तात्या कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं हे ज्याच्या हातात असतं, त्याला चेहरा न हलवता बोलण्याचा सराव असतोच. वाद्य म्हणाल तर त्यांना एकही वाजवता येत नाही. फिल्मभर क्लॅरिनेट त्यांच्या काखेत आहे, तोंडाला एकदाही लागत नाही.

त्यांच्या शेजारी, एकाच बाजेवर, गळ्यात ढोल अडकवून बसलेले महादूआबा. तात्यांच्या बांधाला यांचा बांध. घराणं मेंढपाळांचं. वडिलांच्या काळात मेंढरं गेली, ढोल राहिला. फिल्ममधले हे एकमेव खरे वाजवणारे, आणि ते एक शब्दही बोलत नाहीत. तात्या एखादी लोणकढी थाप मारतात. आबा मान वळवून त्यांच्याकडे बघतात, पुन्हा समोर बघतात आणि ढोलावर एकच टिपरू हाणतात.

"इंदापूरच्या एका वरातीत आमी आसं वाजवलं," तात्या सांगतात, "की घोडं नवऱ्याला घिऊन टेंभुर्णीला गेलं. हायवेनं. लगीन तितंच लागलं. नवरी मागनं यष्टीनं आली."

आबा बघतात. धप्प.

दोन तालुक्यांत ती फिल्म न पाहिलेला माणूस सापडणं कठीण झालं. उसाच्या ट्रॅक्टरवर, बाजार समितीच्या कट्ट्यावर, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांच्या हातात, सगळीकडे तात्या बोलत होते आणि आबा बघत होते. कोणी उशिरा आला की लोक विचारत, "काय, मागनं यष्टीनं का?"

थट्टा सगळ्यांना कळली होती. तरीही भिगवणकडचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नात वाजवण्याची सुपारी घेऊन शेळगावात हजर झाले. मी तेव्हा एका दैनिकाच्या बारामती कार्यालयात तालुक्याचं पान पाहत होतो. नसलेल्या बँडला लग्न मिळालं, ही बातमी पडताळल्याशिवाय घेण्यासारखी नव्हती, म्हणून तिथे गेलो.

"बँड खरा हाय का, असं मला इचारन्यात आलं," तात्या म्हणाले. "तर इतिहास खरा हाय. बँडाचं बघू."

यावर महादूआबा बोलायला लागले. ते बोलतात, हाच माझ्यासाठी पहिला धक्का होता.

"आवो पत्रकार, ह्येला सांगा काय तरी. त्या पाव्हन्याला मी म्हनलं, बाबा, पिच्चर बघितलास न्हवं? म्हनला, बघितला. मंग कळलं न्हवं बँड न्हाय? म्हनला, कळलं की. पर बँडमास्तर तर हाय! आता ह्येला काय बोलायचं? बरं त्यो पाव्हना म्हंजी आमच्या साडूच्या गावचा. त्या गावात एकदा काय झालं..."

त्या गावात काय झालं, ते दुपार उतरेपर्यंत चाललं. त्यातून एक लंगडी मेंढी निघाली, मेंढीतून साडूची म्हैस, म्हशीतून कालव्यात पडलेली एक मोटरसायकल. तात्या बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसून होते. अधूनमधून "व्हय" म्हणत होते. बाकी शब्द नाही. आबांच्या पत्नी हिराबाई चहा ठेवून जाताना मला म्हणाल्या, "तुमी आयकू नगा समदं. भावजींना सवय हाय."

खऱ्या आयुष्यात बोलणारे महादूआबा आणि ऐकणारे सोपानतात्या. अक्षयने पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि फिल्मसाठी उलटं करून टाकलं. फिल्ममधला सगळ्यात मोठा विनोद हाच होता आणि तो शेळगावाबाहेर कोणालाच ठाऊक नव्हता.

तात्यांनी ती सुपारी घेतली. फलटणहून एक खरा बँड आणवला, त्याच्या गाडीवर 'अखिल नीरा-भीमा खोरे' असा फलक बांधला आणि स्वतः जरीचा कोट घालून पुढे चालले. मी बऱ्याच पुढाऱ्यांना मिरवणुकीत चालताना पाहिलं आहे. काखेत क्लॅरिनेट धरून, काहीही न वाजवता, तात्या ज्या तोऱ्यात चालले तो मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही. नवरदेवाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. चौकात तात्यांनी हात वर केला. बँड थांबला, वरात थांबली, समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर थांबला. महादूआबांनी तात्यांकडे पाहिलं आणि एक टिपरू हाणलं. चौकभर हशा उसळला. तात्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि मगच ट्रॅक्टर हलला. बातमीत सगळं आलं, तो चेहरा आला नाही.

लग्नसराईचे पुढचे दोन हंगाम हे असंच चाललं.

गेल्या वर्षी महादूआबा गेले. गोठ्यात वैरण टाकता टाकता खाली बसले, ते उठले नाहीत. दहाव्याला लांबलांबची माणसं आली. फिल्ममधल्या ढोलवाल्याला शेवटचा नमस्कार करायला आलेल्या या माणसांच्या तोंडी एकच वाक्य होतं: "मुकं व्हतं बिचारं, पर हात काय व्हता." प्रवचनाला बाहेरगावचे महाराज होते. त्यांनीही फिल्म पाहिलेली होती. "देवानं या जिवाला वाचा दिली नाही," ते म्हणाले, "पण ताल दिला. मौन हीच त्यांची साधना." गावातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रवचनात कोण उठून बोलणार?

हिराबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. प्रवचन संपल्यावर त्यांनी तात्यांना बोलावून घेतलं.

"भावजी, आवो, मुकं म्हनत्यात त्यास्नी."

तात्यांनी या वेळी हे वाक्य परत म्हटलं नाही.

यानंतर काही महिन्यांनी अक्षय 'भाग दोन'चा बेत घेऊन आला. तो आता पुण्यात नोकरीला होता. ट्रॅक्टर विकणारे एक शेठ पाठीशी होते. ड्रोन होता, मालिकेत दिसणारा एक नट होता, आबांच्या जागी एक नवा ढोलवालाही ठरला होता. तात्यांनी नाही म्हणून सांगितलं. अक्षय पुन्हा आला, तेव्हा त्यांनी एक अट घातली. पहिल्या शूटिंगच्या वेळी एकदा कॅमेरा चुकून चालू राहिला होता आणि आबा बोलत बसले होते. ते सगळं घालायचं. कापायचं नाही.

अक्षय ते घेऊन माझ्याकडे आला. "सर, तुम्हीच बघा. यात काही होतच नाही."

खरंच काही होत नव्हतं. महादूआबा बाजेवर बसून लंगड्या मेंढीबद्दल बोलत होते. ती फक्त त्यांच्या हातचा पाला कशी खायची, एकदा ते लग्नाला गेले तर त्यांच्या मागे थेट मांडवात कशी आली, हे सांगत होते. हिराबाई चहा घेऊन आल्या, उभ्या राहिल्या, कपावर बशी झाकून निघून गेल्या. आबांचं बोलणं मध्येच वाऱ्यात हरवत होतं. गोष्ट संपतही नव्हती. मी अक्षयच्या बाजूचा होतो आणि त्याच्याबरोबर शेळगावला जाऊन तसं सांगितलंही.

"तात्या, फिल्म पडेल," अक्षय म्हणाला.

"पिच्चर पडंल का, असं मला इचारन्यात आलं," तात्या म्हणाले. "तर पडू दे."

"लोक उठून जातील ओ."

"जाऊ द्यात. जाता जाता त्यास्नी आवाज तर ऐकू यील."

"मग निम्मं ठेवतो. निम्मं तरी कापू द्या."

"निम्मं बोलायचाच न्हाय त्यो."

तालुक्यात तात्यांइतकं नाव त्यांच्या वयाच्या दुसऱ्या कोणाचं नव्हतं. पोरं त्यांच्याबरोबर फोटो काढत, लग्नांत त्यांना व्यासपीठावर बसवत. ते सगळं जाणार, हे त्यांना आमच्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं. स्वतःची कीर्ती इतक्या शांतपणे पाटाच्या पाण्यात सोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बारामतीतल्या एका मंगल कार्यालयात, दुपारी, भाग दोन दाखवला. खुर्च्या पुरल्या नाहीत. पुढच्या रांगेत तात्या, त्यांच्याशेजारी हिराबाई. सुरुवातीलाच ड्रोनने उसाचा फड दाखवला आणि तो बराच वेळ दाखवला. मालिकेतला नट प्रत्येक विनोद करून झाल्यावर तो समजावून सांगत होता. नवा ढोलवाला तोंडं वेडीवाकडी करत होता. घोड्याच्या जागी या वेळी हेलिकॉप्टर होतं आणि ते नवऱ्याला घेऊन थेट दुबईला गेलं. लोक आधी जुन्या प्रेमापोटी हसले. मग मोबाइल बाहेर निघाले.

मध्यावर पडद्यावर महादूआबा आले. चेहरा दिसताच टाळ्या पडल्या. मग ते बोलायला लागले आणि टाळ्या मध्येच थांबल्या.

"आयला, ह्यो बोलतोय," माझ्या मागचा एक जण म्हणाला.

"छ्या. आवाज दुसऱ्याचा भरलाय. मुकं व्हतं ते."

"मेल्याव बी सोडंनात की मानसाला."

हे दोन-तीन रांगांत पसरलं. मग लोक उठायला लागले. काही चहाला गेले, काही परत आलेच नाहीत. अक्षय भिंतीला टेकून उभा होता, पडद्याकडे न बघता. मी पुढच्या रांगेकडे पाहिलं. तात्या किंचित पुढे झुकून बसले होते. आबा पडद्यावर श्वास घ्यायला थांबले, की ते हळू आवाजात "व्हय" म्हणत होते. हिराबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या.

फिल्म संपल्यावर एकेक जण तात्यांना गाठून मत देऊन गेला. "पयला भाग लई भारी व्हता, तात्या." "तात्या, ह्यात तुमचा हात दिसंना." "त्यो मधला तुकडा कशाला घातला? झोप आली." तात्या प्रत्येकाला नमस्कार करत होते. शेठ तडक गाडीत बसून गेले.

मी तात्यांना आणि हिराबाईंना सोडायला एसटी स्टँडवर गेलो. बाकावर एक बाई बसल्या होत्या, पायाशी बाजाराची पिशवी. शेजारी येऊन बसलेल्या तात्यांना त्यांनी ओळखलं. त्याही कार्यालयातूनच आल्या होत्या.

"पिच्चर काय जमला न्हाय ओ," त्या म्हणाल्या. "पर त्या मुक्याला आवाज कुणाचा दिला? लई ग्वाड व्हता. आमचं आजं आसंच बोलायचं."

"त्येंचाच हाय," हिराबाई म्हणाल्या.

"त्येंचा कसा? मुकं व्हतं न्हवं ते?"

हिराबाईंनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी हात मांडीवरून काढले आणि बाकावर सरकून मध्ये जागा करून दिली.

"वैनी, तुमीच सांगा."

"मुकं?" हिराबाई तिथे बसत म्हणाल्या. "आगं बाई, कान किटायचं माझं. लग्नाच्या दुसऱ्या दिशी मला म्हनले, मी जरा येतो, आन् दारात उभं ऱ्हाऊन दिवस मावळंस्तवर बोलत व्हते. गेलेच न्हाईत कुठं."

बाई हसल्या आणि त्यांनी पिशवी बाकाखाली सरकवली. "आन् ती मेंढी? खरंच मांडवात आली व्हती?"

"मांडवात? मेंढीचं तर वेगळंच झालं. आईक..."

इंदापूरची गाडी फलाटाला लागली. कंडक्टरने दारात उभं राहून शेळगाव, शेळगाव म्हणून दोनदा हाक दिली आणि तात्यांना ओळखून हसत आत बोलावलं.

तात्यांनी हातानेच त्याला पुढे जा म्हणून सांगितलं.