सुनेची चांदी आणि माझी पाकळी

माझ्या हाती दिलेल्या कामात आजवर कुणाला चूक सापडलेली नाही! हवं तर आमच्या घराच्या भिंतींना विचारा. त्यांनी हे माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्यांना पाठ झालंय. शाळा आठवीत सुटली, पण शिवणयंत्र खोलून जोडायला मी आपली आपण शिकले. मिक्सर दुरुस्त करायलाही. औषधांच्या खोक्यातले कागद वाचून वाचून कामापुरतं इंग्रजीसुद्धा. आणि क्रोशा? विचारूच नका! दिवाणखान्यातल्या टेबलावर माझा जाळीदार रुमाल आहे. बारा फुलं, प्रत्येकाला आठ पाकळ्या. त्यावर मधोमध फुलदाणी, आणि ती जागची हलवायची नाही असा घरात नियम. सून या घरात आली त्या दिवसापासून मी तिला सांगतेय, "एक टाका चुकलेला दाखव!" तिने कधी दाखवला नाही. गुणी आहे पोर.

ही सून संशोधन करते. पातळ, पारदर्शक प्लास्टिकच्या पापुद्र्यात चांदी तयार करते. 'घालते' नाही हं, 'तयार करते'! यावरून मी तिची बोलणी खाल्ली आहेत. चांदीची पूड करून प्लास्टिकमध्ये ढवळली तर म्हणे तिच्या गुठळ्या होतात. म्हणून आधी चांदीचा क्षार त्यात विरघळवून ठेवायचा. मग ऊन दाखवलं की आतल्या आत, जिथल्या तिथे, डोळ्यांना न दिसणारे कण धरतात.

पण गेल्या तपासणीत परीक्षक मॅडमनी तिला आडवं घेतलं होतं. "चांदी आतच तयार झाली कशावरून? आयती पूड मिसळली नसेल कशावरून?" पोरगी दोन दिवस जेवली नाही. आज दुपारी तीन वाजता पुन्हा त्याच मॅडम. त्यांना पटलं तर काम पुढे चालू, नाही तर चार वर्षांची मेहनत पाण्यात! आणि नेमका संस्थेतला उन्हाचं काम करणारा खास दिवा कालच उडाला. प्रयोगशाळा तळघरात, तिथे ऊन औषधालाही नाही. आमच्या गॅलरीत मात्र सकाळचं ऊन जावयासारखं हक्काने येऊन बसतं.

"आई, हा एकच पापुद्रा उरलाय," सून पायात चपला सरकवत म्हणाली. "दहाला उन्हात, चाळीस मिनिटं, मग लगेच काळ्या पाकिटात. पिवळा झाला की समजा चांदी झाली."

"चांदी पिवळी?"

"कण अगदी बारीक असले की पिवळी दिसते."

"सोनाराच्या कानावर जाऊ देऊ नकोस! जा तू निश्चिंत."

दहाच्या ठोक्याला मी पापुद्रा गॅलरीत ठेवला. दहा वाजून एक मिनिटाने कठड्यावर कबुतर आलं. आमच्या गॅलरीतल्या कबुतरांना कुठे काय करावं याचा काडीचा पोच नाही. ते मान वाकडी करून पापुद्र्याकडे बघायला लागलं. वर काहीतरी झाकायला हवं, पण ऊन तर आत गेलं पाहिजे. जाळी! फुलदाणी उचलली, रुमाल ओढला, पापुद्र्यावर ताणून बसवला, चारी कोपऱ्यांना वजनं ठेवली. माझी मीच पाठ थोपटली.

दहा पस्तीसला फोन. "आई, झाली का चांदी?"

मी रुमालाचा कोपरा उचलला. खाली पिवळंधमक!

"झाली!" मी आनंदाने किंचाळले. "आपली चांदी झाली गं!"

इथेच घात झाला. आतून हे धावत आले, एका गालावर दाढीचा फेस. "कुणाची चांदी झाली? कशात?" आणि शेजारच्या ताई, ज्यांना आम्ही घरात भोंगा म्हणतो, त्या दारातूनच ओरडल्या, "वहिनी, लॉटरी लागली का हो?"

"लॉटरी कसली! सुनेने चांदी केली. गॅलरीत!"

"घरच्या घरी?"

"चाळीस मिनिटांत!"

ताईंनी जिन्यात तोंड काढलं आणि पाचव्या मिनिटाला आमच्या घरात अख्खी इमारत! कुणी पेढी काढताय का विचारतंय, कुणी यांच्या अर्ध्या गालाचं अभिनंदन करतंय. भोंगाताई स्टीलचा डबा घेऊन आल्या. "हाही ठेवा की उन्हात, जागा आहे तोवर!" चांदी प्लास्टिकच्या आत होते, बाहेर नाही, हे सगळ्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. घड्याळात पाहिलं तर साडेअकरा!

धावत जाऊन रुमाल उचलला. पापुद्रा चहासारखा तपकिरी, आणि त्यावर स्वच्छ, पारदर्शक, ठसठशीत बारा फुलं! फडक्याने पुसलं, जाईना. नखाने खरवडलं, जाईना. बाहेरून लागलेलं असतं तर गेलं असतं ना!

अडीचला आम्ही दोघं संस्थेच्या सभागृहात पोचलो. यांचा एक गाल अजून दाढीसकट. सुनेने पाकीट उघडलं.

"आई... फुलं?"

"कबुतर होतं गं..."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे नुसते भरून आले. तेवढ्यात मॅडम आल्याच. त्यांनी पापुद्रा उजेडासमोर धरला.

"फुलांच्या जागी चांदी का नाही?"

"तिथे दोऱ्याची सावली होती. ऊन पोचलं नाही," सून पुटपुटली. मग एकदम ताठ झाली. "मॅडम, पूड मिसळली असती तर ती फुलांतही दिसली असती! जिथे ऊन, तिथेच चांदी. म्हणजे ती आतच तयार झाली!"

"मागच्या वेळी मी हेच तर विचारत होते!" मॅडम पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी पापुद्रा यंत्राखाली ठेवून त्याचं मोठं चित्र समोरच्या पडद्यावर पाडलं. एकेक फूल परातीएवढं! माझी छाती फुगली. मॅडम पाकळ्या मोजू लागल्या, आणि माझी छाती उतरली.

"सगळीकडे आठ. या मधल्या फुलाला सातच? तिथे सावली असूनही चांदी झाली की काय? मग तुमचं म्हणणं टिकत नाही."

सुनेचा चेहरा पांढराफटक. तिला उत्तर ठाऊक नव्हतं. जगात ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

मी उभी राहिले. "तिची चांदी बरोबर आहे हो! पाकळी माझी चुकलीय. बावीस वर्षांपूर्वी. विणायचीच राहिली."

"अगं, म्हणजे ती फुलदाणी..." हे मागून एवढ्या मोठ्याने म्हणाले की सगळं सभागृह हसलं. मॅडमनी डोळे पुसत सही केली.

सुनेच्या प्रबंधात आता त्या पापुद्र्याचं चित्र आहे. खाली ओळ आहे: 'मधल्या फुलातील उणी पाकळी हा मूळ जाळीतील दोष असून, जाळी विणणाऱ्या व्यक्तीने तो समक्ष मान्य केला आहे.'

माझ्या हातचं काहीतरी छापून यावं अशी फार वर्षांची इच्छा होती. आलं एकदाचं. फक्त जे विणलं नाही, तेवढंच आलं!