हरभऱ्याचं सासर-माहेर

पिकाला खत आणि संसाराला सल्ला वेळेवर व सर्व बाजूंनी मिळायला हवा, हे कुणीही मान्य करील. आमच्या घरी याबाबत कमालीची जागरूकता आहे.

जमीन आईची. काका, म्हणजे आईचे दीर, शेणखतवाले. त्यांच्या मते दुकानातलं खत घालणं म्हणजे मातीला दारू पाजणं. मामा, म्हणजे आईचा सख्खा भाऊ, खताच्या दुकानाचा मालक. त्याच्या मते शेणखत म्हणजे जागा बदललेला उकिरडा. शास्त्र म्हणतं, दोन्ही बेताबेताने घाला. आईही तेच म्हणाली. कारण एकाला नाही म्हटलं तर सासर रुसतं, दुसऱ्याला नाही म्हटलं तर माहेर तुटतं.

सबब संयुक्त खत समिती स्थापन झाली. सचिव मी. (शिक्षण पूर्ण, नोकरी विचाराधीन.) आईने त्या वर्षी हरभऱ्याचं होतं नव्हतं ते सगळं बियाणं पेरलं होतं. पीक हुकलं तर पुढच्या पेरणीला घरात मूठभरही उरणार नव्हतं. तिने हे समितीच्या कानावर घातलं. समितीने ती भावनिक बाब म्हणून बाजूला ठेवली.

ठराव सोपा होता: निम्मं खत काकांचं, निम्मं मामाचं. फक्त पीक चांगलं आलं तर श्रेय कोणत्या निम्म्याला, हे ठरायचं राहून गेलं. म्हणून काका पहाटे फिरायला जाताना चार टोपल्या जास्तीच्या टाकून येत. मामा दुकान बंद करून (बहिणीची खुशाली विचारायला) येताना वाटेत युरियाची पिशवी रिकामी करी. दोघांनीही मला विश्वासात घेतलं होतं आणि मी कुणाचाही विश्वासघात केला नाही. काकांकडे माझं जेवण होतं, मामाकडे पेट्रोल.

आता हरभऱ्याला एक वाईट खोड असते. त्याच्या मुळांवर गाठी येतात, त्यांत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र ओढून झाडाला पोसतात. थोडक्यात, तो बराचसा आपलं आपण कमावून खातो. घरात दोन-दोन वडीलधारी माणसं हयात असताना हे शोभत नाही. समितीने ही खोड मोडली.

पीक कमरेइतकं झालं. हिरवंगार, बघत राहावं असं. येणारे-जाणारे थांबून तोंडात बोट घालत. समाधान काकांचं शंभर टक्के, मामाचं शंभर टक्के, एकूण दोनशे. दाण्यांचे घाटे तेवढे शोधावे लागत. अहवालात मी ‘उंची उत्साहवर्धक’ असं नमूद केलं.

आईने एक झाड उपटलं. मुळांवर गाठ औषधालाही नव्हती. काका म्हणाले, दोष मामाच्या निम्म्याचा. मामाने तोच मान काकांना दिला. आईला रडू येत होतं, पण दोघांपैकी कुणासमोर रडावं हा पुन्हा सासर-माहेरचाच प्रश्न.

“एवढं आयतं मिळाल्यावर मुळं कशाला कष्ट करतील?” ती म्हणाली. हे बोलताना ती माझ्याकडे का बघत होती, कळलं नाही.

मग ती पदर खोचून शेजारणीकडे बियाणं मागायला गेली. मागे कधीतरी आईनेच तिला दिलेलं ते वाण. शेजारणीचा हरभरा जेमतेम गुडघ्याएवढा, पण घाट्यांनी लगडलेला. तिने थोडं शेणखत घातलं, चिमूटभर मामाच्याच दुकानातलं घातलं आणि गप्प बसली. (तिला दीर नाही, भाऊ नाही. एकेकाचं नशीब.)

वाचक हो, तुम्ही हसताय ते ठीक आहे. तुमचंही पोर यंदा चार-चार शिकवण्या, आजीचा खुराक आणि बाबांची ओळख एवढ्यावर चांगलं फोफावलंय, चारचौघांत उठून दिसतंय, असं कानावर आलं. अभिनंदन. सवड झाली की मुळंही बघून घ्या. कशी दिसतात ते ठाऊक नसेल, तर नमुना म्हणून मला बोलवा. मी मोकळाच असतो.