गुलाबकाकांचा बंद कूलर

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या लेआउटमधून, म्हणजे वसाहतीतून, बाहेर पडायला रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर गुलाबकाकांचं फाटक. फाटकाला टेकून काका उभे. तुम्ही कोणीही असा, कितीही घाईत असा, त्यांच्यासमोर "जातो" म्हणालात की मेलात.

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सकाळी माणसं चहावाचून तडफडत माझी वाट बघत असतात, त्यामुळे स्कूटी चालवत नाही, उडवते. एकदा तशीच उडता उडता ओरडले, "जाते काका!" झालं. बनियनवरचा तो सत्तरीचा माणूस स्कूटीमागे पळत आला आणि वळणावर आडवे हात करून समोर उभा राहिला.

"काय म्हटलं वं वैशाली?"

"जाते म्हटलं."

"जाते नाई. येते म्हण."

"अहो काका, पेशंट उपाशी आहे तिकडे!"

"मंग लवकर म्हण ना. मी कुठं थांबवून राहिलो तुले?"

म्हटलं बाप्पा, येते, येते, येते! तीनदा म्हटलं तेव्हा कुठे हात खाली आले.

सिलेंडरवाला, कुरिअरवाला, मीटर बघायला येणारा, कोणाचीच सुटका नाही. मतं मागायला आलेल्या उमेदवाराकडूनसुद्धा काकांनी "येतो" वदवून घेतलं. तो अर्थात पुन्हा फिरकला नाही, पण त्यात काकांचा काही दोष नाही.

काकांनी सगळी नोकरी बसस्थानकावर माइकसमोर काढली. गाड्या पुकारायचे. आवाज अजून तोच, अन् बोलण्याची सवयही. पाण्याचा टँकर आला की आख्खा लेआउट ऐकतो, "प्रवाशांनी लक्ष द्यावे!" काकू गेल्यापासून घरात एकटेच, म्हणून मग गल्लीशी बोलतात. आम्ही कंटाळतो, चिडतो, पण एखादे दिवशी आवाज आला नाही तर खिडकीतून डोकावून बघतोही.

मात्र ते "येतो"चं खूळ काही जुनं नाही. ते मधुकर गेल्यानंतरचं.

मधुकर म्हणजे आमच्याकडचा कूलरवाला. नागपुरात राहून कूलरवाल्याशी वाकडं घेऊन चालत नाही. मार्च लागला की त्याच्या मागे अशी रांग लागायची. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप लावायचा, मोटर बघायची. माणूस अबोल, पण हाताला गुण. मागच्या गल्लीत दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको कुंदा, दोघंच. दोन उन्हाळ्यांपूर्वी एका दुपारी तो काकांचा कूलर खोलून बसला. मोटरचा कंडेन्सर गेलेला निघाला. नवीन आणायला म्हणून सायकलवर बसून गेला, तो गेलाच. सायकल सापडली नाही, माणूस सापडला नाही, पोलिसांनाही धागा लागला नाही.

आता माणूस हरवला की आमच्या लोकांना तो कुठे आहे यापेक्षा का गेला यातच गोडी जास्त. किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडे एकच विषय. कोणी म्हणे तिकडे खापा गावात दुसरा संसार आहे. कोणी म्हणे बुवा झाला, अमक्याने भगव्या कपड्यात बघितला. आणि मग गिरणीवर आवाज हळू करून ठरलेलं वाक्य यायचं, "मूलबाळ नाही, त्यात बायको तोंडाळ. कंटाळला असेल बिचारा."

मीही ऐकून घेतलं आहे, खोटं कशाला बोलू? एकदा तर मानही हलवली. त्याची लाज अजून वाटते.

कारण हे सगळं फिरून कुंदाच्या कानी जायचं. ती चार घरी पोळ्या करते. एकदा माझ्याकडे कणीक मळता मळता थांबली आणि म्हणाली, "ताई, ते मेले का जिते, देव जाणे. पण सोडून गेले का, एवढंच मले सांगा कोणी. माझ्यापायी गेले का?" मी पाण्याचा ग्लास दिला. दुसरं काही सुचलं नाही.

सुचलं ते गुलाबकाकांना. मधुकरला शेवटचं त्यांनीच पाहिलेलं. काका कुंदाच्या दारात जाऊन माइकवरच्या आवाजात सांगून आले, "कुंदा, तो मले 'येतो' म्हणून गेला. माह्या कानानं आयकलं. सोडून जाणारा माणूस येतो म्हणते काय?" तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी हेच. कुंदा पोळ्यांचा डबा द्यायला आली की काका म्हणणार, "येतो म्हणाला वं तो," आणि ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी विचारणार, "हो का भाऊजी?"

गिरणीवर कोणी तर्क काढला की काका तिथेच हजर. "खाप्याले? दुसरा संसार? अन् वाळ्याच्या ताट्या इथं ठेवून? काहीच्या काही काहून बोलून राहिले गा?" एकदा मोबाइलवर बातम्या करणारा एक जण लेआउटमध्ये आला. त्याने काकांपुढे माइक धरला. माइक बघून काका खुलले. त्याने विचारलं, "आपल्या मते मधुकर जाण्यामागचं कारण काय?"

काका म्हणाले, "कंडेन्सर."

"म्हणजे?"

"कंडेन्सर. कारण कंडेन्सर. बाकी सगळ्या अफवा. प्रवाशांनी लक्ष द्यावे."

आम्ही पोट धरधरून हसलो. पुढे कित्येक दिवस पोरंसोरं त्यांना कंडेन्सर काका म्हणायची. ते हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत.

आणि तो कूलर! खिडकीत तसाच उघडा, मोटर बाहेर काढून पेपरवर ठेवलेली. दुसऱ्या कोणाला हात लावू देतील तर शपथ. "तो येऊन करंल. अर्ध्यावर काम टाकणारा गडी नाई तो." नागपूरचा मे महिना विनाकूलर! अहो, आमच्याकडे पापडसुद्धा दहा मिनिटांत सावलीत आणतात. दोन उन्हाळे काका ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले. मी भांडले, शेजारी भांडले. पण ऐकतील ते काका कसले!

यंदा व्हायचं तेच झालं. दुपारी कुंदा डबा घेऊन गेली तर काका पलंगावरून खाली पडलेले. तिने मला हाक मारली. आम्ही दोघींनी उचलून पलंगावर घेतलं, अंग पुसलं, कैरीचं पन्हं पाजलं. डॉक्टर येऊन बघून गेले, धोका नाही म्हणाले. धोका नाही म्हटल्यावर माझा पारा चढला.

"बस झालं काका! आत्ता दुसरा माणूस बोलावते आणि कूलर चालू करून घेते."

"नाई म्हटलं ना."

"पण का? जीव द्यायचाय का तुम्हाला?"

काका इतक्या हळू आवाजात बोलले की हा काकांचाच आवाज का, असं वाटलं.

"कुंदा, तो येतो नाई म्हणाला वं."

कुंदा पन्ह्याचा पेला खाली ठेवून त्यांच्याजवळ सरकली.

"काहीच नाई म्हणाला. मीच बोललो. गरमी होती, मी चिडलो होतो. म्हटलं, कंडेन्सर भेटला तं ये, नाई तं येऊच नको. हेच बोललो मी त्याले. येऊच नको. सारी जिंदगी गाड्या पुकारल्या, एक शब्द चुकला नाई माहा. अन् माणसाले असं बोललो." ओला पंचा त्यांनी तोंडावर ओढून घेतला. "लोक कारण शोधून राहिले. कारण इथं पडलं हाय."

मला तर रडूच फुटलं. त्या "कारण कंडेन्सर"वर मी सगळ्यात मोठ्याने हसले होते.

कुंदा मात्र रडली नाही. तिने तो पंचा काकांच्या तोंडावरून बाजूला केला.

"मले मालूम होतं, भाऊजी."

"काय मालूम होतं?"

"बारा वर्षं संसार केला मी. ते एक दिवस येतो म्हणले नाहीत. 'निघून राहिलो' म्हणत, अन् निघत. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हाच समजलं, हे तुमचं आहे, त्यांचं नाही."

"मंग दरवेळी 'हो का भाऊजी' काहून म्हणत होती?"

"तुम्ही इतक्या मायेनं सांगत होते. अन् मले आयकाले बरं वाटे." तिने त्यांची उशी सारखी केली. "अन् येऊ नको म्हटल्यानं जाणारा माणूस असता ना, तं माह्या हातून रोज गेला असता. मी रोज म्हणत होती, घरी येऊच नका. संध्याकाळी सातला दारात हजर!"

काकांना हसू आलं. हसता हसता ते रडले, आणि मग कुंदाही रडली. तिला दोन वर्षांत मी पहिल्यांदाच असं मोकळेपणी रडताना बघितलं.

मग तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि मला म्हणाली, "ताई, स्कूटी काढा. कंडेन्सर घेऊन येऊ."

"लावणार कोण?"

"मी. बारा वर्षं पेचकस कोण देत होतं त्यांच्या हातात?"

तासाभरात तिने मोटर बसवली, ताट्यांवर पाणी मारलं आणि बटण दाबलं. कूलर खडखडला, धुळीचा लोट उडाला, आम्ही तिघंही खोकलो, आणि मग वाळ्याचा वास खोलीभर पसरला.

"पण तो आला तं?" काकांनी विचारलं. "काम तं झालं त्याचं."

"आले तं पंखा देऊ खोलाले. तोही किरकिर करून राहिला तुमचा."

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. दोन वर्षांत पहिल्यांदाच काका काही म्हणाले नाहीत. ना "जाते नाई," ना "येते म्हण." भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी फाटक उघडलं. कुंदा माझ्या मागे थबकली, परत वळून खोलीच्या दारापर्यंत गेली आणि रिकामा डबा छातीशी धरून म्हणाली, "येते मी, भाऊजी."

कूलरच्या आवाजात ऐकू जाईल इतकं मोठ्याने, पण माइकवरच्या आवाजात नाही, काका म्हणाले, "ये वं. नक्की ये."