गाय साहेबांच्या नावावर

आमच्या प्रभाकरभाऊ येवल्यांची गाय एका बड्या कंपनीच्या साहेबांच्या नावावर आहे.

मावळात जमीन दुसऱ्याच्या नावावर गेलेली माणसं पैशाला पासरी मिळतील. पण गाय गेलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तोही स्वतःच्या हातानं तिला सोडून आलेला.

दर रविवारी सकाळी भाऊ बेगडेवाडीहून वडगावला माझ्याकडे चहाला येतात. पेपर मागच्या बाजूनं, उद्योगाच्या पानापासून उघडतात. तिथं कुणातरी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची मुलाखत असतेच. शेजारी फोटो, हाताची घडी, मागे काचेची इमारत. भाऊ खिशातली पेन्सिल काढतात. "घरी एकच गाय होती, कपिला. तिच्या दुधावर आईनं मला शिकवलं," असं साहेब म्हणाले की भाऊ समासात बरोबरची खूण करतात आणि शांतपणे म्हणतात, "गाय आमची."

ते साहेब आता दुसऱ्या कंपनीत आहेत. जाताना गाय बरोबर घेऊन गेले.

भाऊ तीस वर्षं त्या कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात होते. पेपरवाल्यांचे प्रश्न यायचे, साहेबांना वेळ नसायचा, उत्तरं भाऊ लिहायचे. बालपणाचा प्रश्न आला की पंचाईत व्हायची. साहेबांचं बालपण म्हणजे बंगला, आया, ड्रायव्हर आणि पुढे हॉस्टेल. "त्यात छापण्यासारखं काय असतं, सर?" भाऊ मला म्हणाले होते. "मोठ्या माणसाच्या लहानपणात थोडा तरी चिखल हवा. नाहीतर वाचणारा पान उलटतो." साहेबांकडे चिखल नव्हता. भाऊंकडे नाणे मावळातल्या भातखाचराचा, चांगला गुडघाभर होता. त्यांनी तो देऊन टाकला.

एकूण पाच साहेब झाले. पहिल्यांना गाय मिळाली. दुसऱ्यांना ओढ्याला पाणी आल्यावर दप्तर डोक्यावर धरून शाळेत जाणं मिळालं; या साहेबांना पोहता येत नव्हतं, पण ते कोण विचारतो. तिसऱ्यांना गुरुजींच्या छड्या, चौथ्यांना थोरल्या भावाची आखूड केलेली विजार. एक गोष्ट मात्र पाचही जणांत सामाईक होती. साहेब पहाटे साडेचारला उठत. कारण पहिली लोकल गाठायला भाऊ साडेचारला उठत.

"म्हणजे बडे बडे साहेब बेगडेवाडीच्या टाइमटेबलावर उठतायत म्हणा की," मी एकदा म्हणालो.

भाऊ हसले नाहीत. "छापून आलं ना, मग झालंच ते," म्हणाले. हे त्यांचं पालुपद.

पाचव्या साहेबांच्या वेळी देण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, म्हणून भाऊंनी आईचं वाक्य दिलं. त्यांची आई हौसाबाई. लोणावळा स्टेशनवर करवंदं-जांभळं विकायची. "पाटी डोक्यावर आसली का मान आपसूक ताठ ऱ्हाती," असं ती म्हणायची. भाऊंनी ते धुऊन-पुसून 'डोक्यावर भार असला की मान ताठ राहते' असं केलं आणि साहेबांच्या आईच्या तोंडी घातलं. त्या बाई क्लबात पत्ते खेळायच्या. वाक्य गाजलं, मोबाईलवर फिरलं. मी शिकवतो त्या शाळेच्या व्हरांड्यात मीच ते साहेबांच्या आणि कंपनीच्या नावासकट रंगवून घेतलं. ते कुणाचं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. भाऊंनी भिंत पाहिली, "अक्षर छान आलंय," म्हणाले आणि निघून गेले. हौसाबाईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे आपली गाय कुठं चरतेय हे त्यांना कधीच कळलं नाही.

गेल्या वर्षी हौसाबाई गेल्या. नव्वदी ओलांडली होती.

आमच्याकडे दशक्रियेला भाषणं करायची पद्धत आहे. नदीच्या घाटावर एकीकडे कावळ्याची वाट पाहायची, दुसरीकडे पुढाऱ्याची. पंचक्रोशीतली निम्मी भाषणं भाऊच लिहून देतात. आईबद्दल मात्र त्यांना स्वतः बोलायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी गेलो, तर वही उघडी आणि पान कोरं. शेजारी पुतण्या संतोष बसला होता.

"गाईचं सांगतो," भाऊ म्हणाले.

"काका, गाय नको. ती साहेबांची म्हणून सगळ्यांनी वाचलीय. लोक म्हणतील, काकांनी ढापली."

"मग ओढ्याचं?"

"ते दुसऱ्या साहेबांचं. माझ्या पोरीनं निबंधात घातलंय."

"आईचं ते पाटीचं, ताठ मानेचं वाक्य?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य कुणाच्या आईचं हे मला त्या क्षणी कळलं. मी मान खाली घातली. शाळेच्या भिंतीवर ते ऑइलपेंटमध्ये होतं.

भाऊंनी वही मिटली. "सर, जन्मभर आई वाटत बसलो. आता माझ्यापुरतीसुद्धा उरली नाही." मला त्यांचा रागही आला आणि फार वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी घाटावर दोन पुढारी आले, हौसाबाईंना आदर्श माता म्हणाले आणि पुढच्या दशक्रियेला गेले. मग भाऊ उठले. हातात कागद नव्हता.

"आमची आई लबाड होती," ते म्हणाले.

भटजीसुद्धा थांबले.

"करवंदाच्या द्रोणात खाली दोन पानं जास्तीची घालायची. वर शीग, खाली पाला. मुंबईचे पाहुणे खिडकीतून घ्यायचे, आणि तळ दिसेपर्यंत गाडी घाट उतरलेली असायची. संध्याकाळी घरी आली की पदरात तोंड घालून हसायची. म्हणायची, 'पाल्याचं बी पैसं दिलं रं आज लोकांनी.' मग उरलेली करवंदं आम्हा भावंडांना वाटायची. आमच्या द्रोणात जास्तीचं पान कधी निघालं नाही."

माणसं हसली. मागच्या म्हाताऱ्या बायका हसता हसता डोळे पुसायला लागल्या. त्यांतल्या दोघी-तिघी त्याच स्टेशनवर पाटी घेऊन बसलेल्या. "व्हय रं बाबा, आमी बी घालायचो," एक जण म्हणाली.

परतताना भाऊ म्हणाले, "ही कुणाला दिलीच नव्हती. साहेबाची आई लबाड कशी चालेल? म्हणून राहिली."

सोमवारी मी रंगाऱ्याला बोलावून साहेबांचं नाव पुसायला लावलं. वाक्य हौसाबाईंच्या बोलीत लिहवून घेतलं आणि खाली फक्त 'हौसाबाई येवले' असं नाव घातलं. भाऊ बघायला आले. पाचवीतली एक मुलगी त्यांच्याशेजारी उभी राहून मोठ्यानं वाचत होती.

"आजोबा, या कुठल्या कंपनीच्या?" तिनं विचारलं.

तीस वर्षं असल्याच प्रश्नांची उत्तरं लिहिलेला माणूस. या वेळी खिशातली पेन्सिल खिशातच राहिली.

"आमच्या," भाऊ म्हणाले.